‘सर, मी तत्त्वज्ञानात एम. ए. करू का?’

पत्र थोडक्यात : पत्रलेखक 36 वर्षांचे आहेत आणि नागपुरात तत्त्वज्ञान शिकवतात. सेट (प्राध्यापकपदाची राज्यस्तरीय पात्रता परीक्षा) झाली, पीएच.डी. झाली, त्यालाही बरीच वर्षे लोटली, पण नेमणूक अजून तासिका तत्त्वावरच आहे. एक कॉलेज शहरातले, दुसरे कळमेश्वरकडचे. उन्हाळ्यात तास नाहीत म्हणून पैसे नाहीत, आणि जुलैत पुन्हा नेमणूक मिळेलच याची खात्री नाही. पत्नी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, मुलगी चार वर्षांची आहे. मेव्हण्याची कळमना बाजारात संत्र्याची अडत आहे. ‘हिशेब सांभाळा, ठरावीक पगार देतो’ असे तो दिवाळीपासून म्हणतो आहे. अशात बी. ए.च्या शेवटच्या वर्षातल्या एका हुशार विद्यार्थिनीने विचारले, ‘सर, मी तत्त्वज्ञानात एम. ए. करू का?’ वडील कापूस-सोयाबीनचे शेतकरी, घरात कॉलेजात पोहोचलेली ती पहिलीच. लेखक म्हणतात, ‘हो म्हटले तर तिला माझ्याच खड्ड्यात ढकलतो. नाही म्हटले तर ज्या विषयासाठी वर्गात जीव टाकतो त्याच्याशी बेइमानी होते. पुढच्या आठवड्यात सांगतो म्हणालो, त्याला पाच आठवडे झाले. आता ती व्हरांड्यात दिसली की मी स्टाफरूममध्ये शिरतो.’ शेवटी एक छोटा प्रश्न आहे : बर्डीच्या फूटपाथवर जुन्यात मिळालेले मराठी तत्त्वज्ञान-महाकोशाचे तीन खंड तिला देऊन टाकावेत, की तेही ‘हो’ म्हटल्यासारखेच होईल?

सर,

आधी त्या स्टाफरूममधून बाहेर या. उद्या तास संपला की तिला थांबवा आणि म्हणा, ‘तुझ्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, शनिवारी तासभर बसू.’ एवढ्यानेही तिच्या मनावरचे ओझे उतरेल. पाच आठवडे सर आपल्याला टाळतात, याचा अर्थ वीस-एकवीस वर्षांची मुलगी काय लावत असेल? मी 28 वर्षे अकरावी-बारावीला तर्कशास्त्र शिकवले. एसटीने येणाऱ्या, घरातल्या पहिल्या शिकणाऱ्या कितीतरी मुली माझ्या वर्गात होत्या. शिक्षक गप्प राहिला की त्या दोष स्वतःकडे घेतात. ‘मी या विषयाच्या लायकीची नाही, सरांना ते तोंडावर सांगवत नाही,’ असेच तिला वाटत असणार. तुम्ही ‘नाही’ म्हणायचे टाळता आहात, पण तिला ते ऐकू गेलेले आहे, आणि तेही भलत्याच कारणाचे.

तुमचे पत्र मी तीनदा वाचले. त्यात दोन प्रश्न एका दोरीने बांधलेले आहेत. एक तिचा : हा विषय शिकू का? दुसरा तुमचा : मी या विषयात राहू का? दोन्हींचे उत्तर एकच असले पाहिजे असे तुम्ही धरून चालला आहात. तुम्ही राहणार असाल तर तिला बोलवायचे, जाणार असाल तर तिला अडवायचे. मला हे धरूनच चालणे पटत नाही.

‘माझाच खड्डा’ हे तुमचे शब्द. त्यामागचे अनुमान उलगडून पाहू, वर्गात तुम्ही पाहता तसे. ‘मला पद मिळाले नाही, म्हणून मी कमी पडलो,’ आणि मग ‘म्हणून या विषयात काही नाही.’ पहिल्याच पायरीवरचा हेतू, म्हणजे अनुमानाला दिलेले कारण, सव्यभिचार आहे. पद न मिळणे हे अपात्र माणसाच्या बाबतीत जसे घडते तसेच पात्र माणसाच्या बाबतीतही घडते. जो हेतू दोन्हीकडे सापडतो तो काहीच सिद्ध करत नाही. पर्वत ज्ञेय (जाणता येण्याजोगा) आहे म्हणून त्यावर अग्नी आहे, असे कोणी म्हटले तर तुमची दुसऱ्या वर्षाची पोरेही हसतील, कारण पाण्याने भरलेला तलावही ज्ञेयच असतो. तोच दोष स्वतःबद्दलच्या अनुमानात मात्र दहा वर्षे तुमच्या नजरेतून सुटला आहे.

पद कशाने मिळते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. वर्गात मुले किती, त्यावर वर्कलोड. वर्कलोडवर मंजूर जागा. मंजूर जागा भरायला शासनाची परवानगी. परवानगी आली की बिंदुनामावली, म्हणजे आरक्षणानुसार जागांचा क्रम, मग जाहिरात, मग मुलाखत. तत्त्वज्ञानासारख्या विषयात निवृत्त झालेल्या माणसाची खुर्ची वर्षानुवर्षे तशीच राहते आणि ते तास तुमच्यासारख्यांना वाटून दिले जातात. या साखळीतल्या एकाही कडीत तुम्ही वर्गात प्रमाणचर्चा (ज्ञान खरे कशाने ठरते याची चर्चा) किती चांगली शिकवता हा प्रश्न येत नाही. माझी स्वतःची पहिली चार वर्षे रजेच्या जागांवर गेली. दर एप्रिलमध्ये मी टेबलाचा खण रिकामा करत असे. त्या चार वर्षांत मी वाईट शिक्षिका होते आणि कायम झाल्यावर चांगली झाले, असे काही घडले नाही.

याच मुद्द्यावर जर्मन तत्त्वज्ञ कांटची आठवण काढायला हवी. 1755 मध्ये तो क्योनिग्सबर्गला शिकवू लागला, तेव्हा त्याला विद्यापीठाचा पगार नव्हता. समोर बसणारे विद्यार्थी जी फी देत, त्यावर तो जगत होता. तास नाही तर पैसा नाही, म्हणजे आपल्या सीएचबीचाच, तासिका तत्त्वाचाच प्रकार. मध्ये त्याने राजवाड्याच्या ग्रंथालयात दुय्यम ग्रंथपालाची नोकरीही केली. तर्कशास्त्र आणि सत्ताशास्त्राचे प्राध्यापकपद मिळाले ते 1770 मध्ये, 15 वर्षांनी, 45 वर्षांचा असताना. ज्या ग्रंथाने जग त्याला ओळखते तो आणखी 11 वर्षांनी आला. ही गोष्ट मी तुमच्या समाधानासाठी सांगत नाही. तशी ती वापरूही नका, कारण ज्यांना अखेर पद मिळाले त्यांच्याच गोष्टी आपल्यापर्यंत पोहोचतात. शिवाय कांट अविवाहित होता. तुमच्या घरात चार वर्षांची मुलगी आहे आणि तिच्या वाट्याचे तुम्ही तिच्यावतीने पणाला लावू शकत नाही. मला त्या गोष्टीतून एवढेच दाखवायचे आहे की पगाराची पावती आणि माणसाचे तत्त्वज्ञान यांची व्याप्ती, म्हणजे एक असेल तिथे दुसरे असणारच असा संबंध, त्या काळातही नव्हती.

आता तिच्याकडे येऊ. तिने तुम्हाला ‘करू का?’ असे विचारले. आपल्याकडे मुले आदराने असेच विचारतात आणि आपणही लगेच न्यायाधीशाच्या खुर्चीत बसतो. पण हा निर्णय तुमचा नाही. तुमच्याकडे आहे ती माहिती, तीही आतली, आणि ती तिला दुसरीकडे कुठेही मिळणार नाही. माझ्या हातून एकदा चूक झाली, ती सांगते. एका विद्यार्थ्याला मी ठामपणे ‘नको, कॉमर्सकडे जा’ म्हणाले होते. तो गेला, चांगला स्थिरावला. बऱ्याच वर्षांनी धरमपेठेत भेटला आणि म्हणाला, ‘मॅडम, तुमचे ऐकले ते बरेच झाले असेल. पण का नको म्हणालात ते तुम्ही कधी सांगितलेच नाही. मला वाटायचे, माझ्या डोक्यात काही कमी होते.’ तो हे रागाने बोलला नाही. मला त्या रात्री झोप आली नाही. माझा सल्ला बरोबर असेलही, पण त्याची कारणे मी स्वतःजवळ ठेवली होती.

म्हणून शनिवारी तिच्यासमोर हिशेबाची वही उघडा. खरोखरची. गेल्या वर्षी दोन्ही कॉलेजांतून किती तास मिळाले, तासाला किती पडले, पैसे किती महिन्यांनी आले, कळमेश्वरला जाण्या-येण्याचे पेट्रोल किती गेले, हे सगळे आकडे तिला दाखवा. शेतकऱ्याची मुलगी आहे, तिला हंगामाच्या शेवटी हाती काय उरते याचा हिशेब कळतो. तुम्हाला याची लाज वाटेल, ते मी समजू शकते. पण ती लाज तुमची नाही.

मग पुढची वाट सांगा, जितकी आज माहीत आहे तितकी. एम. ए.ची दोन वर्षे. कॉलेजात शिकवायचे तर एम. ए.ला 55 टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना त्यात सवलत आहे, आणि वर नेट किंवा सेट. नेट वर्षातून दोनदा होते, दोन पेपर मिळून 150 प्रश्न, 300 गुण, तीन तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. नेटचा तत्त्वज्ञानाचा पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो. आपल्या मुली नेमक्या इथेच अडकतात. बी. ए.ला मराठीतून ‘हेत्वाभास’, ‘सत्तामीमांसा’, ‘कर्तव्यवाद’ पक्के केलेले असते आणि परीक्षेत तोच विचार अनोळखी नावाने समोर येतो. तिला आजपासूनच एक वही करायला सांगा : डाव्या बाजूला मराठी संज्ञा, उजवीकडे इंग्रजी, खाली स्वतःचे एक उदाहरण. रोज तीन. हे मी शेकडो मुलांना सांगितले आणि ज्यांनी केले त्यांना परीक्षेच्या हॉलमध्ये घाम फुटला नाही.

नेटमधून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची अधिछात्रवृत्ती, मिळाली तर 2023 पासून पहिली दोन वर्षे महिना 37,000 रुपये मिळतात, घरभाडे भत्ता वेगळा. त्याला वयाची अट 30 आहे, मुलींना पाच वर्षांची सूट. नुसत्या सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेला वयाची अट नाही. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या पीएच.डी.च्या अधिछात्रवृत्त्या प्रवर्गानुसार असतात आणि महाज्योतीचे मुख्य कार्यालय नागपुरातच आहे, तेव्हा स्वतः जाऊन चौकशी करता येते. मात्र त्या पैशावर घराचा हप्ता बांधू नये, जागा मोजक्या असतात.

एक गोष्ट आपले शिक्षक फार उशिरा सांगतात. शाळेत तत्त्वज्ञान हा विषय नाही. त्यामुळे बी. एड. करून शाळेत लागायचे असेल तर पदवीला मराठी, इतिहास, इंग्रजी असा शाळेतला विषय असलेला बरा. तिचे बी. ए.चे विषय कोणते आहेत ते आधी पाहा. मराठी असेल तर तिची एक खिडकी उघडी आहे आणि ती उघडी ठेवूनही एम. ए. तत्त्वज्ञानात करता येते. अकरावी-बारावीला तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान आहेत, मराठीतून पाठ्यपुस्तकेही आहेत, पण पुन्हा तेच, मुले असतील तिथेच जागा.

स्पर्धा परीक्षांचे नाव घरातून निघेलच. यूपीएससीला तत्त्वज्ञान वैकल्पिक विषय म्हणून घेता येतो, 250 गुणांचे दोन पेपर, आणि नीतिशास्त्राचा 250 गुणांचा पेपर तर सर्वांनाच आहे. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली आहे. याचा उपयोग होतो, हे खरे आहे. तरी ‘तत्त्वज्ञान घे, यूपीएससीला कामी येईल’ असे सांगून तिला आत आणू नका. त्या कारणाने आलेली मुले पहिल्या सेमिस्टरमध्येच कंटाळतात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो, कारण त्यांना जे हवे होते ते त्या वर्गात नव्हतेच.

हे सगळे सांगून झाले की तुम्ही गप्प बसा आणि तिला विचारा, ‘तुला हा विषय का हवा आहे?’ उत्तर लगेच येणार नाही. ती ‘आवडतो’ म्हणेल. तिथे थांबू नका. नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, चर्चेचे तीन प्रकार सांगितले : वाद, जल्प, वितंडा. खरे काय ते शोधण्यासाठी बोलणे म्हणजे वाद. जिंकण्यासाठी बोलणे म्हणजे जल्प. स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याचे नुसते खोडणे म्हणजे वितंडा. वर्गात चमकणारी पुष्कळ मुले जल्पात चमकतात. त्यांना वाटते आपल्याला तत्त्वज्ञान आवडते, खरे तर त्यांना जिंकणे आवडत असते, आणि त्यांच्यासाठी वकिली अधिक चांगली. तिचे कोणत्या प्रकारचे डोके आहे, हे तीन वर्षे तिला शिकवल्यावर तुम्हाला ठाऊक असणार. ते तिला सांगा. स्वतःचे म्हणणे चुकले असे लक्षात आल्यावर तिचा चेहरा उजळतो की पडतो? माझ्या मते या विषयाची एवढी एकच प्रवेशपरीक्षा आहे.

तिला प्रत्यक्ष चवही घेऊ द्या. अमरावती रोडच्या कॅम्पसमध्ये विद्यापीठाचा तत्त्वज्ञान विभाग आहे. तिथल्या प्राध्यापकांना विनंती करून आठवडाभर एम. ए.च्या तासांना मागे बसू द्या. बी. ए.च्या गाइडमधून दिसणारे तत्त्वज्ञान आणि एका परिच्छेदावर दोन तास खल चालतो ते तत्त्वज्ञान, यांत फार अंतर आहे. काही जण ते पाहून परत फिरतात. परत फिरणे हेही चांगलेच उत्तर आहे.

तिच्या वडिलांशी बोलायची वेळ आली तर ती टाळू नका. ते विचारतील, ‘पोरगी हे शिकून काय करून राहिली, सर?’ या प्रश्नात तुच्छता नसते, काळजी असते. त्यांना ‘मनाची श्रीमंती’ वगैरे सांगू नका. दोन वर्षे, एवढा खर्च, ही परीक्षा, नाही झाली तर ही दुसरी वाट, आणि अमुक तारखेला पुन्हा विचार करू, असे सांगा. लग्नाचा विषय निघाला तर ‘दोन वर्षे थांबा’ हे वाक्य तुमच्या तोंडून त्यांना अधिक ऐकू येईल. घरोघरी मी हे पाहिले आहे.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही पत्रात अडतीबद्दल जेमतेम दोन ओळी लिहिल्या आहेत, तेही असे की जणू काही लपवायचे आहे. का? 1673 मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठाने डच तत्त्वज्ञ स्पिनोझाला प्राध्यापकपद देऊ केले, ते त्याने नाकारले. भिंगे घासण्याचे काम तो करत होता. हिशेब लिहून घर चालवण्यात तत्त्वज्ञानाचा कोणता अपमान होतो? आणि या शहरात तत्त्वज्ञान फक्त कॉलेजांत कधीच नव्हते. 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर लाखो माणसांनी कसे जगायचे याचा निर्णय घेतला, त्यांतल्या किती जणांनी कॉलेज पाहिले होते? तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक दि. य. देशपांडे निवृत्तीनंतर, सत्तरी ओलांडल्यावर, 1990 मध्ये इथूनच विवेकवादी मासिक सुरू करतात, आगरकरांच्या ‘सुधारका’चे नाव पुढे चालवतात, आणि ते वाचणारे इंजिनीअर, डॉक्टर, गृहिणी असे सगळे असतात. अमळनेरचे तत्त्वज्ञान मंदिर 1916 मध्ये उभे राहिले ते एका गिरणीमालकाच्या पैशावर आणि जिज्ञासेवर. पद महत्त्वाचे आहे, त्यासाठी भांडलेही पाहिजे, तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांची आंदोलने मला न्याय्यच वाटतात. पण पद नाही म्हणून तुमचा या विषयातला हक्क संपत नाही.

व्यवहारात मी असे करीन. कळमेश्वरचे तास येत्या सत्रात सोडीन, कारण तुम्हीच दिलेल्या आकड्यांतून पेट्रोल आणि जाण्या-येण्याचा वेळ वजा केला तर तिथे जवळपास काहीच उरत नाही. शहरातले ठेवीन. संत्र्याच्या आंबिया बहाराचा माल ऑक्टोबरपासून येऊ लागतो, मृगाचा फेब्रुवारी-मार्चमध्ये. एक पूर्ण हंगाम मेव्हण्याकडे काम करून पाहा, मात्र पगार बारा महिन्यांचा आणि वेळ कोणती हे आधी कागदावर घ्या. नात्यातल्या व्यवहारात हे लिहून घेणे अवघड जाते, न लिहिणे त्याहून महाग पडते. उन्हाळ्यात तिथे काम कमी आणि तुमच्या हाती पैसा येणारा, हे आजवर तुम्हाला कधी मिळालेले नाही. आणि एक तारीख ठरवा. दोन जाहिराती, तीन जाहिराती, की चाळिसावा वाढदिवस, ते तुम्ही दोघे नवरा-बायको बसून ठरवा. तोवर प्रत्येक मुलाखतीला जा. त्या तारखेनंतर मात्र दर जुलैत जीव टांगणीला लावू नका. तुमच्या पत्नीचे मत पत्रात कुठेच नाही, याचे मला आश्चर्य वाटले. दोन-अडीच हजार दिवस घराचा अनिश्चितपणा तिने तुमच्याबरोबर सोसला आहे. तिला विचारा.

ज्यांची मुले असा विषय निवडू पाहतात अशा पालकांची पत्रे माझ्याकडे बरीच येतात. त्यांनाही मी हेच सांगते की मुलाच्या शिक्षकाला गाठून वर्षाचा हिशेब विचारा. जो शिक्षक नुसता विषयाची थोरवी सांगतो त्याच्यावर अर्धाच विश्वास ठेवा, आणि जो नुसती रड सांगतो त्याच्यावरही अर्धाच.

राहिले महाकोशाचे तीन खंड. 1974 चे ते काम, दे. द. वाडेकरांनी संपादलेले. मराठीत एवढा मोठा तत्त्वज्ञानकोश एकत्र सापडणे कठीण, तेव्हा देऊन टाकू नका. शनिवारी पहिला खंड तिला वाचायला द्या, परत करायची तारीख सांगून. एम. ए.ला ती येवो न येवो, तिच्या संज्ञांच्या वहीला तो लागेलच. दुसरा खंड पहिला परत आल्यावर. ती पुस्तक परत करायला येईल तेव्हा तुम्ही कॉलेजात असाल किंवा कळमन्याला, कुठे यायचे तो पत्ता मात्र तिला आताच देऊन ठेवा.